रानपिंगळा : खोट्या नोंदीने लपवलेला पक्षी

आपला सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी, खानदेशाला लागून वसलेला आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी 'सापडली', हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. याच खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक पक्षीही असाच 'सापडला'. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे त्याच्या कथेवरून उत्तम समजते.

रानपिंगळा हे लहान आकाराचे घुबड. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचा नमुना मिळवला. त्यानंतर शतकभर खात्रीलायक नोंद नाही. अपवाद होता तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याचा. हा पक्षी आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळवला, असे त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते.

चिठ्ठी मोठ्या माणसाची म्हणून ती खरी मानली गेली. पामेला रासमुसेन यांनी मात्र चिठ्ठी बाजूला ठेवून पक्षीच तपासला. नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, तरी डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा त्यात उरल्या होत्या. तो चोरीचा नमुना होता, त्यावरील स्थळ आणि वर्ष दोन्ही बनावट होती. खोटी नोंद वगळून, खऱ्या जुन्या नोंदींच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शोधास निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे तो हरवला होता, पण केवळ नोंदींतून.

आपल्या वस्तीतला पिंगळा ठिपकेदार डोक्याचा, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपक्यांविना. तो दिवसाही वावरतो, सरडे, सापसुरळ्या व उंदीर खातो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. पुढे मेळघाट, यावल आणि तानसा येथेही तो आढळला. तरीही तो संकटग्रस्त आहे, कारण ढोलीची झाडे तुटत आहेत आणि जंगलाचे तुकडे पडत आहेत.

न्यूझीलंडमधील काकापो हा न उडणारा पोपट १९९५ मध्ये अवघा ५१ उरला होता. उंदीर-मांजरे नसलेल्या बेटांवर नेऊन, एकेका पक्ष्याची नोंद ठेवून लोकांनी त्याची संख्या दोनशेपलीकडे नेली. रानपिंगळ्यासाठी असे बेट नाही. त्याला माणसांच्या शेजारीच जगायचे आहे, आणि म्हणून माणसाच्या मनातील समजुती त्याच्या जिवावर बेततात. पिंगळ्याचा आवाज अशुभ मानणे, जादूटोण्यासाठी घुबड मारणे ही त्या खोट्या चिठ्ठीसारखीच न तपासता मान्य केलेली विधाने आहेत.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या बांधावर जुनी झाडे आहेत. ढोलीचे झाड वाळले तरी ते राखावे. घुबडाची शिकार वा विक्री दिसल्यास वनविभागास कळवावे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि रात्री पिंगळा ओरडला, तर घाबरलेल्या मुलाला तो काय खातो, कुठे राहतो, हे सांगावे. आमच्या मते इतिहासाचा पहिला धडा हाच : लिहिलेले असो वा ऐकलेले, आधी तपासावे.