सावकाश वळताना पिकअप का थरथरते?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा सोडून मोटारगाडीवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण बेणे तोडले की ते उन्हात वाळण्याआधी सरीवर पोचले पाहिजे, आणि ते पोचवते ती आपली जुनी पिकअपच. ती वाटेत बसली तर लागणच बसली.

माझीच फजिती आधी सांगतो. गेल्या पावसाळ्यात काळ्या रानातून निघताना मी फोर-व्हीलची लिव्हर टाकली. डांबरी रस्त्याला लागलो आणि ती काढायची विसरलो. सरळ रस्त्यावर काही जाणवले नाही. काट्याजवळ हळू वळवताना मात्र गाडी अंगात आल्यासारखी थरथरू लागली, मध्येच अडखळू लागली. एका गॅरेजवाल्याने मागचे डिफरन्शियल उघडले, खर्च झाला, थरथर तशीच. शेवटी आपल्याच यार्डातला एक म्हातारा ट्रॅक्टर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, लिव्हर बगितली का?"

यातले कारण समजून घ्या. खळ्यावर मेढीभोवती पात फिरते तेव्हा बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते. गाडी वळते तेव्हा तसेच होते. पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणून त्यांना जास्त फेरे घ्यावे लागतात. पण लिव्हरने जोडायच्या फोर-व्हीलमध्ये पुढचा व मागचा आस एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. चिखलात चाक घसरून हिशेब मिटवते. डांबरावर घसरायला जागा नाही, मग पीळ शाफ्टमध्ये भरतो आणि झटक्याने सुटतो. अशा वेळी लिव्हरही निघत नाही. तिच्याशी झोंबू नका, गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ उतरतो.

लिव्हर दोन चाकांवर आहे, तरी थरथर आहे, तर पुढे चला. सर्वांत आधी चारही चाकांच्या नटा पान्याने तपासा. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण सैल नटा राहिल्या तर चाक निघून जाते, आणि मागे हौद्यात माणसे बसलेली असतात.

नंतर गाडी जागेवर उभी ठेवून, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवा. गाडी हलत नसतानाही कापरे भरले, कण्हल्यासारखा आवाज आला, तर पॉवर स्टेअरिंगचे तेल कमी आहे किंवा पट्टा घसरतो आहे. स्टेअरिंग शेवटाला नेऊन दाबून धरू नका, पंप गरम होतो.

तिथे काही नसेल तर मोकळ्या सपाट जागेत, माणसे दूर ठेवून, बैल चालतो त्या वेगाने डावीकडे व उजवीकडे गोल फिरवा. फिरताना क्लच दाबून गाडी नुसती वाहू द्या. क्लच दाबताच थरथर थांबली तर दोष इंजिनकडून चाकाकडे जाणाऱ्या जोरात, म्हणजे शाफ्ट, क्रॉस, डिफरन्शियल यांत शोधावा. तशीच राहिली तर बेअरिंग, टायरॉडचे टोक, किंगपिन पाहावे. जॅकवर उचलून खाली ठोकळे दिल्याशिवाय हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवले आणि खडखडले तर बेअरिंग किंवा किंगपिन, डावी-उजवी बाजू धरून खडखडले तर बहुधा टायरॉड.

पुढच्या आसातल्या क्रॉसचे थोडे विस्ताराने सांगतो, कारण जुन्या फोर-व्हीलमध्ये तो फार फसवतो. क्रॉस वाकला की फेरा एकसारखा देत नाही. 30 अंशांचा कोन असेल तर अलीकडचा शाफ्ट एका गतीने फिरत असला तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 15 टक्के पुढे पळतो आणि दोनदा सुमारे 13 टक्के मागे पडतो. म्हणून चारही चाके जोडलेली असताना स्टेअरिंग पूर्ण मोडले की थोडे हिसके चांगल्या गाडीतही येतात. पण दोन चाकांवर, फक्त पुढचे हब लॉक असताना हिसके येतात आणि हब सोडले की जातात, तर क्रॉस झिजला म्हणावे. कपाजवळ लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. निपल असेल तर चिखलातून आल्यावर जुने घाण ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे मारावे. हे आमच्याकडे कुणीच करत नाही, मीही करत नव्हतो.

राहिले मागचे डिफरन्शियल. त्यातली लहान चक्रे सरळ रस्त्यावर स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत, वळतानाच फिरतात. म्हणून फक्त वळणावर कटकट होत असेल तर तेल काढून बघा. तेलात लोखंडाचे तुकडे असतील तर उघडावेच लागेल. नुसती बारीक काजळी असेल तर घाबरू नका. काही गाड्यांत चाक घसरू नये म्हणून आत क्लचसारख्या प्लेटा असतात. त्यांना साधे तेल घातले तर त्या चिकटतात-सुटतात व गाडी कुरकुरत थरथरते. अशा गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल घाला, आणि मेस्त्रीला आधी तेवढेच करायला सांगा.