उंबरठ्यावरील उमेदवार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव लागते. भोवती काळी जमीन, तीत ज्वारी आणि कापूस. अशा गावी ग्रामपंचायतीची निवडणूक आली, म्हणजे दिवेलागणीच्या सुमारास गल्लोगल्ली माणसांचे घोळके हिंडू लागतात. दिवसा हिंडून उपयोग नसतो; मतदार शेतात असतो.

पुढे उमेदवार आणि मागे मतदार-यादी घेतलेला एखादा तरुण. "मावशी, लक्ष असू द्या," असे म्हणून उमेदवार हात जोडतो. विधानसभेच्या उमेदवाराला प्रत्येक मतदाराच्या दारी जाणे साधत नाही. ग्रामपंचायतीत मात्र गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य निवडावयाचे असतात. एकेका प्रभागात मतदार थोडेच. पाचदहा मतांनीही पारडे फिरते. म्हणून एकही घर वगळता येत नाही. शिवाय या निवडणुकीत पक्षांची चिन्हे नसतात. उमेदवार असतो तो कोणाचा पुतण्या, कोणाचा मेहुणा, कोणाचा बांधशेजारी! तोंडावर 'नाही' कसे म्हणावे? घरची गृहिणी सर्वांना चहा देते आणि सर्वांनाच "बघू की" म्हणते.

हे जोडलेले हात आज नवलाचे वाटत नाहीत. परंतु १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. त्या काळी गरीब कुळ वाड्यापुढे पायताण काढून उभे राही आणि धन्याच्या शब्दाची वाट पाही. पुढे १९५१-५२ साली प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. वाड्याचे मत एक आणि झोपडीचेही एकच ठरले. वाड्यातील माणसाला झोपडीच्या दारी वाकून उभे राहावे लागले, ते तेव्हापासून.

तथापि दारी येणारा प्रत्येक जण विनंती करूनच परततो, असे नाही. कोणी पैसे पुढे करतो. कोणी बेलभंडारा उचलावयास लावून शपथ घेववितो. भोळ्या माणसाला ही शपथ पैशाहून अधिक बांधते. कायद्याला हे ठाऊक आहे. पैसे देणे हा जसा गुन्हा, तसाच देवाच्या कोपाचे भय घालून मत वळविणे हाही गुन्हाच होय. मतदान केंद्राच्या जवळपास तर मतदानाच्या दिवशी नुसती विनंती करण्यासही मनाई असते.

रात्री कार्यकर्ते यादी उघडून बसतात. ज्या घरी चहा मिळाला, त्या घरापुढे 'आपले' अशी खूण होते. दोन्ही गटांच्या खुणांची बेरीज केली, तर ती प्रभागातील मतदारांहून अधिक भरावयाची!

मतदानाच्या दिवशी एखादी आजी नातवाचा हात धरून केंद्रावर येते. आडोशामागे ती एकटीच जाते. बाहेर येताच नातू विचारतो, "आजी, कोणाला दिलेस?"

"ज्याला द्यायचे, त्याला," असे म्हणून ती पदर सावरते आणि घरची वाट धरते.