गाडी कुठून वळवायची ते घरीच ठरवा

पावसाळ्यात जंगलातल्या घाटवाटांनी निघणाऱ्यांना मिळणारे सल्ले बहुतेक गाडीबद्दलचे असतात. टायरची नक्षी बघा, वायपरचं रबर बदला, ब्रेक तपासून घ्या. सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांचा रोख चालकाच्या कौशल्यावर असतो आणि माझ्या मते खरा घोळ तिथे नसतोच. काचेतून दिसणारा पाऊस आणि घात करणारा पाऊस सहसा एक नसतो. घात करणारा पाऊस वरच्या अंगाला कुठेतरी पडून गेलेला असतो, कधी काही तासांपूर्वी, कधी आदल्या दिवशी. म्हणून ‘जाऊन बघू, नाहीच जमलं तर परत फिरू’ हा बेत कितीही समंजस वाटला तरी कच्चा आहे. जागेवर जाऊन जे दिसतं, त्यावरून धोक्याचा अंदाज येत नाही.

आधी पाण्याचं बघू. सह्याद्रीचा पश्चिम उतार आखूड आणि उभा आहे. माथ्यावर तासभर कोसळलेलं पाणी बघता बघता खालच्या वहाळात उतरतं, आणि तुम्ही त्यावरच्या फरशी-पुलापाशी पोचता तेव्हा तिथे कदाचित ऊनही असतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या नदीत गेल्या. ही सावित्री उगम पावते महाबळेश्वरात. त्याच महाबळेश्वरात जुलै २०२१ मध्ये चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या पुढे गेलं की ‘अत्यंत मुसळधार’ सुरू होतं. सावित्रीच्या त्या रात्री बसच्या चालकांच्या हाती कौशल्य नव्हतं असं कोण म्हणेल? अंधारात पुढचा रस्ता उरलेलाच नाही, हे कुठल्याही कौशल्याला कळत नाही.

दरडीचं गणित तर आणखी उशिराचं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर मातीचा आणि झिजलेल्या दगडाचा थर असतो. पाणी त्यात मुरतं, खालचा कातळ ते फारसं आत घेत नाही, आणि दोहोंच्या सांध्यावर दाब वाढत जातो. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पायथा तासलेला असेल तर वरच्या मातीला टेकू उरत नाही. असा उतार पाऊस ऐन जोरात असतानाच सुटेल असं नाही. पाऊस ओसरल्यावरही सुटतो. म्हणजे ‘उघडीप मिळाली, चला निघू’ म्हणून आपण ज्या वेळेला निर्धास्त होतो, ती वेळ निर्धास्त असतेच असं नाही. झाडांचंही तसंच. भिजून सैल झालेल्या मातीत मुळांची पकड जाते आणि मोठं झाड साध्या वाऱ्यानेही आडवं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गावातली माणसं रोज येतात-जातात, मग आम्हालाच काय होतं? उत्तर सोपं आहे. गावकऱ्याला फरशीची कड कुठे संपते, कुठला दगड बुडाला की थांबायचं, हे पाठ असतं. मुख्य म्हणजे तो थांबतो. पलीकडच्या वाडीत मुक्काम करतो, कारण त्याचं पुढच्या हॉटेलात बुकिंग नसतं. आपण त्याला पाणी ओलांडताना बघतो आणि थांबलेला असताना बघत नाही, कारण तेव्हा तो रस्त्यावर नसतो.

दुसरा आक्षेप मोठ्या गाडीचा. उंच गाडी पाण्यातून सहज जाते, हे साचलेल्या पाण्यापुरतं खरं आहे. वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. शिवाय बंद पत्र्याची गाडी पाण्यात उचलली जाते आणि चाकांवरचा भार कमी होतो. साधारण फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला पुरतं, दोन फुटांत बहुतेक सगळ्याच गाड्या जातात. मोठ्या गाडीने फार तर एका फुटाची सवलत मिळते, आणि गढूळ पाण्याखालची फरशी शाबूत आहे की नाही हे तीही सांगत नाही.

तेव्हा निघण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात, त्याही सगळ्यांसमोर बोलून, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. एक, वाहतं पाणी रस्त्यावर दिसलं आणि खालचा रस्ता दिसत नसला तर गाडी त्यात घालायची नाही, खोली किती याची चर्चाच नको. दोन, दुपारी तीनपर्यंत घाटाचा माथा गाठला नाही तर अलीकडेच मुक्काम. दाट झाडी आणि धुकं यांमुळे आंबोली-चोर्ल्यासारख्या वाटेवर अंधार घड्याळाआधी येतो, आणि पावसाळी रात्री रस्त्यावर उतरलेले बेडूक-साप चाकाखाली जातात ते वेगळंच. तीन, इशारा वाचताना नुसतं जिल्ह्याचं नाव बघायचं नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरही आहे आणि दुष्काळी माणही; हवामान खातं घाट परिसरासाठी वेगळा इशारा देतं, तो बघायचा. घाटात मोबाईलला रेंज नसते, तेव्हा हे वर चढण्यापूर्वीच.

थांबायचं तरी किती? इथे प्रदेश बघावा लागतो. कोकणातले छोटे वहाळ जसे झपाट्याने चढतात तसे उतरतातही, पाऊस थांबला की काही तासांत वाट मोकळी होऊ शकते. गडचिरोलीच्या जंगलात हा हिशेब चालत नाही. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात; पर्लकोटेला पूर आला की गाव तुटतं आणि संपर्क पुन्हा जुळायला कधी कधी काही दिवस जातात. तिकडे जाताना परतीची तारीख पक्की धरणं हाच मुळात अविचार आहे.

‘मग पावसात जायचंच नाही का?’ असं कुणी वैतागून विचारेल. जावं की. पण चार घाट दोन दिवसांत उरकण्याऐवजी एका ठिकाणी दोन रात्री राहावं आणि पायी फिरावं. जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडणारा एक भेक आहे. ताशी साठने जाणाऱ्याला तो दिसायचा नाही. पुढच्या मुक्कामाची आगाऊ रक्कम परत मिळेल अशाच ठिकाणी भरा, नाही मिळाली तर बुडू द्या, आणि वर सांगितलेल्या तीन गोष्टी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी सांगून ठेवा, विशेषतः जो चालवणार आहे त्याला.