शिळ्या पावाचे सोने

पहाटेची वेळ असते. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हाँगकाँग शहर अजून पुरते जागे झालेले नसते. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्ल्यांत अंधार रेंगाळत असतो. अशा वेळी एखाद्या कोपऱ्यावर दिवा दिसतो आणि भाजलेल्या पावाचा खरपूस वास रस्त्यावर दरवळू लागतो. ती असते तेथील बेकरी. दिवस उजाडेपर्यंत तेथील कारागिरांचे निम्मे काम उरकलेले असते.

चिनी लोकांचा जुना पाव भाजलेला नव्हे, तर वाफवलेला. उत्तर चीनमध्ये गहू पिकतो. आंबवलेल्या पिठाचे गोळे बांबूच्या करंड्यांत ठेवून उकडण्याची रीत तेथे शेकडो वर्षे चालत आली आहे. भट्टीत भाजलेला युरोपीय पाव मात्र दर्यामार्गे आला. पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यास आला आणि मराठीला ‘पाव’ हा शब्द देऊन गेला. हाँगकाँग १८४२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले व १९९७ पर्यंत त्यांच्या अमलाखाली राहिले. त्या काळात तेथे हा पाव रुजला. परंतु लोकांनी तो जसाच्या तसा ठेवला नाही. त्यांनी तो अधिक मऊ केला, गोड केला आणि त्याला आपली नावे दिली.

दुकानात शिरताच गिऱ्हाइकाने एक थाळी व एक चिमटा उचलायचा, मांडून ठेवलेल्या पावांतून हवा तो स्वतः निवडायचा आणि गल्ल्यापाशी जाऊन पैसे द्यायचे, अशी तेथील पद्धत आहे. नवख्या पाहुण्याचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो ‘बोलो बाव’. ‘बोलो’ म्हणजे अननस आणि ‘बाव’ म्हणजे पाव. पाहुणा उत्सुकतेने घास घेतो. वरचे कवच दातांखाली कुरकुरते, आतला पाव कापसासारखा मऊ लागतो. पण अननसाची चव काही येत नाही. तो दुसरा घास घेतो, तिसरा घेतो. तरी अननस नाही तो नाहीच! खरी गोष्ट अशी की, या पावावर साखर, मैदा, अंडी आणि चरबी यांच्या मिश्रणाची एक चकती बसवतात. भट्टीच्या धगीने ती तडकते आणि तिच्यावर सोनेरी चौकटी उमटतात. त्या अननसाच्या सालीसारख्या दिसतात, एवढाच काय तो अननसाचा संबंध. हाँगकाँगच्या सरकारने २०१४ साली आपल्या सांस्कृतिक वारशाची जी यादी प्रसिद्ध केली, तीत हा पाव करण्याच्या कलेलाही स्थान दिले.

त्याच्या शेजारी एक लांबट पाव मांडलेला असतो. त्याच्यावर दोन फिक्या पट्ट्या आणि थोडे तीळ असतात. दिसावयास तो साधा. पण त्याची कहाणी अधिक ऐकण्यासारखी आहे.

२५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँग जपानी सैन्याच्या हाती पडले. पुढील ३ वर्षे ८ महिने शहराने उपासमार सोसली. तांदूळ दुर्मीळ झाला आणि हजारो कुटुंबांना शहर सोडावे लागले. १९४५ साली युद्ध संपले, तेव्हा सुमारे १६ लाखांच्या वस्तीपैकी ६ लाखच उरली होती. पुढे चीनमधील यादवीमुळे निर्वासितांचे लोंढे आले, आणि पाचसहा वर्षांतच वस्ती २० लाखांच्या घरात गेली. काम थोडे आणि तोंडे फार, अशी स्थिती झाली.

असे सांगतात की, १९५० नंतरच्या त्या ओढगस्तीच्या दिवसांत एका बेकरीत रोज संध्याकाळी काही पाव विकावयाचे राहत. शिळा पाव कोणी घेईना आणि टाकून देण्यास कारागिराचा हात धजेना. ज्याने भूक पाहिली आहे, त्याला अन्नाचा कण टाकवत नाही. त्याने ते पाव कुस्करले, त्यांत साखर कालवली, त्यांचे सारण केले आणि ताज्या पिठाच्या गोळ्यात भरून भट्टीत घातले. पुढे या सारणात खोबऱ्याची भर पडली. निरनिराळ्या पेयांच्या मिश्रणाला इंग्रजीत ‘कॉकटेल’ म्हणतात. त्या शब्दाची ‘कोंबडा’ आणि ‘शेपूट’ अशी फोड चिनी भाषेने आधीच केली होती. या पावाचे सारणही मिश्रणाचे. म्हणून त्याचे नाव पडले ‘गाय मेई बाव’, म्हणजे कोंबड्याच्या शेपटीचा पाव!

आज त्याचे सारण बहुधा ताज्या जिनसांचेच करतात. दुपारी सव्वातीनच्या सुमारास चहासाठी बाहेर पडलेला कामगार तो सहज विकत घेतो आणि खात खात कामावर परततो. त्या पावामागची भूक त्याला कदाचित ठाऊकही नसेल. परंतु हातात असलेल्या थोडक्याचा अव्हेर न करता त्याचे चीज करणाऱ्या एका कारागिराची आठवण त्या गोड सारणात कायम राहिली आहे.

स्वाध्याय

१. ‘बोलो बाव’ खाताना पाहुण्याची निराशा का होते?
२. १९४१ ते १९४५ या काळात हाँगकाँगच्या लोकांना कोणते हाल सोसावे लागले?
३. शिळे पाव टाकून देण्यास कारागिराचा हात का धजला नाही?
४. वाक्यांत उपयोग करा : हात न धजणे, चीज करणे, अव्हेर करणे.
५. तुमच्या घरी उरलेल्या अन्नाचे कोणते पदार्थ करतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.