वालाच्या बियांना किती गुण?

प्रश्न : माझी मुलगी अकोल्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. परवा घरी आली आणि तिने आजीचं बियाण्याचं गाडगं उपसायला घेतलं. मॅडमनी सांगितलं होतं, घरात, शेजारी, मामाच्या गावी जेवढ्या प्रकारचा वाल मिळेल तेवढा आणा. तिला काळा, तांबडा, पांढरा, ठिपक्यांचा असा आठ प्रकारचा मिळाला. वर्गात सगळ्यांनी आपापल्या पुड्या टेबलावर ओतल्या आणि मॅडमनी एवढंच विचारलं, 'ही एकाच जातीची झाडं की वेगवेगळ्या?' दोन तास वाद चालला म्हणे. रात्री जेवताना हिचं तेच. आमच्या घरात कॉलेजात नोकरीला कुणी नाही, म्हणून विचारते. असं वेगळं शिकवणाऱ्याला विद्यापीठ काही देतं का? बढती मिळते, पगार वाढतो, की नुसती शाल?
(एक पालक, अकोले)

उत्तर : शाल मिळू शकते. बढतीचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी शाल. अकोल्याची कॉलेजं येतात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांचा त्याचा पसारा. 10 फेब्रुवारी 1949 ही विद्यापीठाची स्थापना, आणि त्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने उत्कृष्ट महाविद्यालय, उत्कृष्ट प्राचार्य, उत्कृष्ट शिक्षक असे पुरस्कार दिले जातात. दिल्लीचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार तुम्ही ऐकलाच असेल. पण गंमत बघा, शाळेतल्या गुरुजींना तो 1958 पासून मिळतोय, कॉलेजातल्या प्राध्यापकांना त्यात जागा मिळाली 2023 साली. पासष्ट वर्षांनी! त्या वर्षी एकूण 75 जणांना पुरस्कार मिळाले, त्यांत शाळांचे 50 आणि उच्च शिक्षणातले 13. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये दहा लाख डॉलरचं 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. चांगलं शिकवलं म्हणून नाव झालेला कॉलेजातला प्राध्यापक असा पटकन आठवतो का? मला तरी थांबून विचार करावा लागला.

आता बढती. स्टाफरूममध्ये हिला 'कॅस' म्हणतात आणि कॅसची फाइल म्हणजे प्राध्यापकाच्या घरातलं सर्वांत जाड पुस्तक. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये या बढतीसाठी गुणांकन आणलं, तेच ते 'एपीआय'. त्यात अध्यापनाच्या गटाला 125 गुण होते आणि नावीन्यपूर्ण, विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या पद्धतींसाठी 20. कागदावर वाईट नव्हतं. पण हे 20 गुण कसे सिद्ध करायचे? पॉवरपॉइंटच्या स्लाइड छापून जोडा, सहलीचे फोटो जोडा, प्राचार्यांचा शिक्का घ्या. ज्याचा फाइलवर हात बसलेला, त्याला गुण.

मग 2018 ची नवी नियमावली आली. तिच्यात अध्यापनाचा दर्जा कसा मोजलाय ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला. नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले, त्याची टक्केवारी. 80 किंवा त्याहून जास्त असेल तर 'चांगले', 70 च्या पुढे 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. म्हणजे तुमच्या मुलीच्या मॅडमनी तो वालाचा तास घेतला याची नोंद होईल. तासात काय झालं याची नाही.

नावीन्याला जागा आहे, पण ती दुसऱ्या तक्त्यात, संशोधनाच्या गुणांबरोबर. नवी अध्यापनपद्धती विकसित केली की 5 गुण. शोधनिबंध मान्यताप्राप्त नियतकालिकात छापून आला की विज्ञान शाखेत 8, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत 10. कॉलेजात प्राध्यापकपदाची बढती हवी असेल तर या तक्त्यातून लागतात 110. आता तुम्हीच हिशेब करा. मॅडमनी वर्गातला तो वाद बाजूला ठेवून त्याच आठ पुड्यांवर निबंध लिहिला तर बढतीच्या दृष्टीने सौदा फायद्याचा. यात प्राध्यापकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. तराजू ज्या बाजूला झुकतो तिकडेच माणूस माल टाकतो.

जानेवारी 2025 मध्ये आयोगाने आणखी एका नियमावलीचा मसुदा जाहीर केला. त्यात गुणांची बेरीज काढून टाकून नऊ 'उल्लेखनीय योगदानां'ची यादी आहे, उमेदवाराने त्यांतली किमान चार दाखवायची. नावीन्यपूर्ण अध्यापन त्या यादीत आहे, भारतीय भाषांतून शिकवणंही आहे. मला ही दिशा बरी वाटते. फक्त 'दाखवायची' या शब्दाशी घोडं पुन्हा अडतं.

आणि हे सगळं नियमित नेमणूक असलेल्यांसाठी. आपल्याकडे कितीतरी तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, कॅस नाही. राष्ट्रीय पुरस्कारालाही नियमित नेमणूक लागते. तुमच्या मुलीच्या मॅडम जर सीएचबीवर असतील तर त्यांच्या वालाला 5 गुणसुद्धा नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग मुलांनाच का विचारत नाहीत? विचारतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की फीडबॅक फॉर्मचा गठ्ठा निघतोच. पण मुलांचं मत हे मोजमाप जितकं सोपं दिसतं तितकं नाही, आणि याचे दोन किस्से सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1970 मध्ये अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने 'डॉ. मायरन फॉक्स' नावाच्या तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवलं. विषय, गणिती क्रीडासिद्धान्त आणि डॉक्टरांचं शिक्षण. श्रोते अडाणी नव्हते, मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ होते. फॉक्स रुबाबात बोलले, विनोद केले, प्रश्नांना उत्तरं दिली. श्रोत्यांनी फॉर्मवर भरभरून कौतुक लिहिलं. फॉक्स हे खरं तर एक नट होते आणि व्याख्यानात मुद्दाम काहीही अर्थ ठेवलेला नव्हता.

दुसरा किस्सा याच्या उलटा आणि तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना उत्तम व्याख्यान दिलं, काहींना तोच भाग आपसांत चर्चा करत, गणितं सोडवत शिकायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे. पण 'किती शिकलात असं वाटतं?' या प्रश्नावर त्याच गटाने स्वतःला कमी लेखलं. डोकं चालवावं लागलं की माणसाला वाटतं आपल्याला येत नाही. दुसऱ्याने छान सांगितलं की वाटतं आपल्याला आलं. वालाच्या टेबलाभोवती दोन तास भांडलेल्या वर्गातून कुणी फॉर्मवर 'मॅडमनी उत्तर सांगितलं नाही' असं लिहिलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

बाहेर काय करतात? कॅनडात 1986 पासून विद्यापीठीय अध्यापनासाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे. ब्रिटनने 2000 साली तशीच सुरू केली, आणि तिथे सुरुवातीला प्रत्येक फेलोला 50,000 पौंड मिळत. घरी न्यायला नव्हे, शिकवण्यातलाच पुढचा प्रयोग करायला. ही कल्पना मला शालीपेक्षा आवडते. मॅडमना सन्मानचिन्ह देण्यापेक्षा आठवड्याचे दोन तास वर्कलोडमधून कमी केले, एक गाडी आणि डिझेलचे पैसे दिले, तर पुढच्या वर्षी वर्ग हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला भरेल. नव्या शैक्षणिक धोरणात मुलांना फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक मिळतात. मुलांना घेऊन हिंडणाऱ्या बाईंच्या वेळेचा हिशेबही कुणीतरी धरायला हवा.

तुम्ही काय करू शकाल, ते विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान वालाचे किती प्रकार त्यांनी जपले! 2020 च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्याआधी बायफ संस्थेच्या लोकांनी त्यांच्यासोबत बसून एकेका वाणाची नोंद केली होती. तसंच मुलीला सांगा, प्राचार्यांना एक पानाचं पत्र लिही. 'मॅडम छान शिकवतात' हे वाक्य त्यात नको. आधी तिला काय येत नव्हतं आणि आता काय येतं, ते लिहायचं. उदाहरणार्थ, आधी ती रंगावरून जात ठरवत होती. आता ती बी उलटी धरून तिच्या कडेवरची पांढरी रेघ बघते. काळा असो की तांबडा, वालाच्या बीला ती रेघ असते, नखाने खरवडता येईल इतकी उठावदार. असं पत्र फाइलमध्ये लागलं तर फोटोंच्या अल्बमपेक्षा भारी ठरेल.

आणि तुमच्या पत्राच्या पाकिटातून जो ठिपक्यांचा दाणा निघाला, त्यावर ती रेघ मला भिंगातूनही दिसली नाही. कडेला मध्यावर फक्त एक बारीकसा लंबगोल डाग आहे. मला तो वाल वाटत नाही, वाघ्या घेवडा असावा. पण मॅडमना माझं नाव सांगू नका. गाडग्यातले दोन दाणे परसात टोचा आणि फूल आलं की कळवा.