बंपर उतरवताना

[मोटार आपण रोज पाहतो, पण तिचे भाग एकमेकांना कसे जोडलेले असतात हे थोड्यांनाच ठाऊक असते. या पाठात घरी करता येण्याजोग्या एका कामाची माहिती क्रमाने दिली आहे. हे काम घरातील मोठ्या माणसांबरोबरच करावे.]

मोटारीच्या अगदी पुढच्या आडव्या भागाला बंपर म्हणतात. अँबॅसडरसारख्या जुन्या मोटारींचे बंपर लोखंडी आणि चकचकीत असत. आजच्या मोटारींचे बंपर प्लास्टिकचे असतात. 2005 साली भारतात आलेली स्विफ्ट ही छोटी मोटार पाहा. तिचा बंपर मोटारीच्याच रंगाचा दिसतो. पण मुलांनो, तो फक्त वरचा पोशाख आहे. खरा आधार त्याच्या आत असतो. तेथे धातूची एक मजबूत आडवी पट्टी असते. तिच्यामागे इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर असतो.

समजा, मोटार हळू चालताना भिंतीला धडकली. प्लास्टिक दबते आणि पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखे होते. पाहणारा म्हणतो, "काही नुकसान झाले नाही!" आतली पट्टी मात्र वाकलेली असू शकते. रेडिएटरला चीर पडली असेल, तर पाणी गळून इंजिन तापते. म्हणून बंपर उतरवून आत पाहणे कधीकधी आवश्यक असते.

हे काम कसे करतात ते आता पाहू या.

प्रथम मोटार सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. पेचकस, पाना, एक जुनी चादर आणि स्क्रू ठेवण्यासाठी डबी, एवढे सामान जवळ असावे.

पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळवली, की चाकाच्या पुढे हात घालायला जागा होते. तेथे बंपरची कड स्क्रूने बसवलेली असते. दोन्ही बाजूंचे हे स्क्रू काढावेत. मग किल्ली काढून घ्यावी, बॉनेट उघडावे आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून काही मिनिटे थांबावे. एअरबॅगला धडकेची खबर देणारे सेन्सर अनेक मोटारींत पुढच्याच भागात असतात. म्हणून ही काळजी घ्यायची. त्या सेन्सरना हात लावू नये.

यानंतर खालच्या कडेचे स्क्रू काढावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही, कधीही शिरू नये. वरच्या कडेला, बॉनेटखाली, स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपा असतात. क्लिपेचा मधला भाग आधी वर उचलावा, म्हणजे ती सहज निघते. वरचे दोन स्क्रू मात्र शेवटपर्यंत राहू द्यावेत, नाहीतर बंपर एकदम खाली पडेल.

आता दोघांनी दोन बाजूंना उभे राहावे. शेवटचे स्क्रू काढून बंपरच्या कडा हळूच बाहेरच्या बाजूला ओढाव्यात. खटका सुटल्याचा आवाज येतो. येथेच पुष्कळ लोक घाई करतात. बंपर निघत नसेल, तर जोर लावू नये. कोठेतरी एखादा स्क्रू राहिला आहे असे समजून तो शोधावा. जोर लावला की प्लास्टिकचे कान तुटतात आणि बंपर पुन्हा नीट बसत नाही. पुढच्या दिव्यांच्या तारा बंपरला जोडलेल्या असतील, तर आधी त्या सोडवाव्यात. मग बंपर चादरीवर ठेवावा.

स्क्रूंची संख्या आणि जागा प्रत्येक मोटारीत वेगळी असते. म्हणून मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी वाचावी. आतली पट्टी वाकलेली दिसली, तर ती हातोडीने ठोकून सरळ करू नये. जाणत्या कारागिराला दाखवून बदलून घ्यावी. बंपर बसवताना हाच क्रम उलटा करावा.

काही लोक बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवतात. त्यामुळे मोटार अधिक सुरक्षित होते असे त्यांना वाटते. पण गार्ड लावल्यास धडकेचा जोर सरळ मोटारीच्या सांगाड्यावर जातो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो. पायी चालणाऱ्यालाही अधिक दुखापत होते. म्हणून डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. वरून मजबूत दिसणारी प्रत्येक वस्तू रक्षण करतेच असे नाही.

शब्दार्थ
पोशाख – वस्त्र, कपडे. चीर – भेग, तडा. पेचकस – स्क्रू फिरवण्याचे अवजार. सांगाडा – वस्तूचा आतला मूळ आधार. जाणता – माहितगार

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बंपरच्या आत काय असते?
(आ) वरचे दोन स्क्रू शेवटी का काढावेत?
2. कारणे लिहा : बंपर निघत नसेल तर जोर लावू नये.
3. रिकाम्या जागा भरा : रेडिएटरला चीर पडली, तर पाणी गळून ______ तापते.
4. 'नुकसान', 'मजबूत', 'कारागीर' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.
5. घरातील एखादी वस्तू उघडून पुन्हा जोडण्याची कृती क्रमाने लिहा.