मुलाम्याची चमक आणि गंज

यंत्रमागाचे सुटे भाग घेताना आपले कारखानदार बांधव चमक पाहतात. आम्हीही तेच करीत होतो. एका पावसाळ्यात कोऱ्या कापडावर गंजाचे डाग पडले, माल परत आला, तेव्हा चौकशी केली.

विजेने चढविलेल्या मुलाम्यात साधे जस्त स्वतः झिजून लोखंड वाचविते, पण ते नरम. त्यात १२ ते १५ टक्के निकेल मिसळले की थर कितीतरी कठीण होतो आणि लोखंडाला गंजही फार उशिरा धरतो. नटबोल्टांना हा मिश्रधातूच बरा. सूत सतत घासते तेथे मात्र हार्ड क्रोम हवा. त्याची कठीणता विकर्स मापाने ८०० च्या वर असते. पण या क्रोमला केसाहून बारीक भेगा असतात, त्यांतून ओल लोखंडापर्यंत जाते. म्हणून खाली निकेलचा थर देणार का, हे प्लेटिंगवाल्याला भाव ठरविण्याआधी विचारावे.